एकाच पीसीत दोन जीटीएक्स १०७०: पुण्यातल्या एका घरातला प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातल्या एका घरातले असून डिसेंबर २०१९ ते २०२१ च्या सुरुवातीपर्यंतच्या काळातले आहे. घरातल्या माणसांची ओळख पटू नये म्हणून नावे, राहण्याचा भाग आणि शिक्षणसंस्था गाळल्या आहेत. यंत्रांचे तपशील मात्र ठेवले आहेत, कारण प्रत्येक निर्णय अखेर त्या तपशिलांवरच अडला किंवा सुटला.

घरात दोन भाऊ होते. थोरला सॉफ्टवेअर क्षेत्रात नोकरीला आणि धाकटा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होता. २०१७ मध्ये दोघांनी आपापला पीसी असेंबल करून घेतला. थोरल्याच्या पीसीत इंटेलचा कोअर आय७-७७००के प्रोसेसर, झेड२७० चिपसेटचा मदरबोर्ड, ६५० वॉटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा भाग) आणि एन्व्हिडियाचे जीटीएक्स १०७० हे ग्राफिक्स कार्ड होते. धाकट्याने बजेट सांभाळून कोअर आय५-७५००, बी२५० चिपसेटचा मदरबोर्ड आणि ५५० वॉटचा एसएमपीएस घेतला, पण कार्डाच्या बाबतीत तडजोड न करता जीटीएक्स १०७० च निवडले. दोन्ही कार्डे वेगवेगळ्या कंपन्यांनी बनवलेली होती. थोरल्याच्या कार्डाला एकच ब्लोअर पंखा होता, जो गरम हवा कॅबिनेटच्या मागच्या जाळीतून थेट बाहेर फेकतो. धाकट्याच्या कार्डाला दोन उघडे पंखे होते आणि ते गरम हवा कॅबिनेटमध्येच सोडत असे. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरला.

नोव्हेंबर २०१९ मध्ये थोरला नोकरीनिमित्त जर्मनीला गेला आणि त्याचा पीसी घरीच राहिला. महिन्याभरातच धाकट्याने फोनवर विचारले, "दादा, तुझं कार्ड नुसतं पडून आहे, ते माझ्याबरोबर जोडून लावू का?" दादाची हरकत नव्हती. त्याची अट एवढीच होती की कार्ड विकायचे नाही, कारण वर्षभराने परत येण्याचा त्याचा विचार होता. दोन्ही पीसी मी जोडून दिलेले असल्यामुळे पुढची विचारणा माझ्याकडे आली.

अडचण

धाकट्याने दिवाळीत २७ इंची, २५६० बाय १४४० पिक्सेलचा, १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला होता. आधीचा मॉनिटर १९२० बाय १०८० पिक्सेलचा आणि ६० हर्ट्झचा होता. पिक्सेलांची संख्या सुमारे पावणेदोन पट झाली, शिवाय पडदा सेकंदाला १४४ चित्रे दाखवू शकत होता, त्यामुळे तेवढी चित्रे मिळावीत ही अपेक्षाही वाढली. जीटीएक्स १०७० हे जून २०१६ मध्ये आलेले, ८ जीबी मेमरीचे आणि १५० वॉटचे चांगले कार्ड. नव्या मॉनिटरवर मात्र बहुतेक मोठे गेम उच्च सेटिंगवर सेकंदाला साठ चित्रांच्या आगेमागे चालत होते.

त्याची तक्रार मुख्यतः एका गेमबद्दल होती. रोज रात्री मित्रांबरोबर तो पबजी खेळत असे आणि वस्तीत उतरताना किंवा धूर झाल्यावर खेळ अडखळतो, असे त्याचे म्हणणे होते. ग्रँड थेफ्ट ऑटो ५, विचर ३ आणि शॅडो ऑफ द टूम रेडर हे गेम तो सुटीच्या दिवशी खेळे. त्यांत त्याला अधिक देखणे चित्र हवे होते, पण ते अडखळतात अशी तक्रार नव्हती. या दोन गरजा वेगळ्या होत्या. "ग्राफिक्स कमी पडतं" या एका वाक्यात त्याने दोन्ही बसवल्या आणि त्या वेळी घरातल्या कोणालाच त्यात वावगे वाटले नाही.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय दोन्ही कार्डे एसएलआय पद्धतीने, म्हणजे दोघांनी मिळून एकच गेम काढावा अशी, जोडण्याचा होता. या कल्पनेला जुना इतिहास आहे. १९९८ मध्ये थ्रीडीएफएक्सच्या व्हूडू२ कार्डांची जोडी पडद्याच्या ओळी वाटून घेत असे, म्हणजे सम ओळी एक कार्ड काढी आणि विषम ओळी दुसरे. पुढे त्या कंपनीची मालमत्ता एन्व्हिडियाकडे गेली आणि २००४ मध्ये जीफोर्स ६ मालिकेबरोबर एसएलआय हे नाव नव्या अर्थाने परत आले. पुढच्या वर्षी प्रतिस्पर्धी एटीआयने (ही कंपनी पुढे एएमडीत गेली) क्रॉसफायर ही तशीच पद्धत आणली. या नव्या पिढीत ओळींऐवजी बहुधा अख्ख्या फ्रेमा, म्हणजे पडद्यावरची एकेक पूर्ण चित्रे, वाटल्या जात. पहिली फ्रेम एका कार्डाने काढायची, दुसरी दुसऱ्याने, तिसरी पुन्हा पहिल्याने.

या पर्यायाचे आकर्षण उघड होते, कारण कार्डासाठी एक रुपयाही मोजायचा नव्हता. पण काही गोष्टी तेव्हाच माहीत होत्या आणि त्या मी दोघांना लेखी कळवल्या. ८ अधिक ८ अशी १६ जीबी मेमरी गेमला मिळत नाही, कारण दोन्ही कार्डांना तोच देखावा काढायचा असल्याने तोच माल दोन्हींच्या मेमरीत भरावा लागतो. एसएलआयसाठी प्रत्येक कार्डाला किमान आठ पीसीआय एक्सप्रेस लेन (कार्ड आणि प्रोसेसर यांच्यातल्या माहितीच्या वाटा) लागतात, आणि प्रोसेसरच्या सोळा लेन आठ-आठ अशा विभागण्याची सोय बी२५० बोर्डावर नव्हती. म्हणजे कार्ड उचलून धाकट्याच्या पीसीत लावणे शक्यच नव्हते. थोरल्याच्या झेड२७० बोर्डावर ती सोय होती, तेव्हा धाकट्याचे कार्डच तिकडे न्यावे लागणार होते. कार्डांच्या कंपन्या वेगळ्या असल्या तरी चिप आणि मेमरी सारखी असल्याने अडचण येणार नव्हती.

एक गोष्ट या सगळ्यापेक्षा मोठी होती. एन्व्हिडिया स्वतःच या वाटेवरून मागे फिरत होती. २०१६ च्या जीटीएक्स १०६० वर जोडणीचा कनेक्टरच नव्हता, दहाव्या मालिकेत एसएलआय अधिकृतपणे दोन कार्डांपुरते आखडले गेले, आणि २०१८-१९ मध्ये आलेल्या आरटीएक्स २०७० व २०६० वरही जोडणी नव्हती. एएमडीनेही जुलै २०१९ च्या आरएक्स ५७०० मालिकेत जुन्या क्रॉसफायरला रजा दिली. ही सोय ज्यांच्या भरवशावर चालते त्यांनीच हात काढून घ्यायला सुरुवात केलेली दिसत होती.

दुसरा पर्याय दोन्ही कार्डे विकून एकच मोठे कार्ड घेण्याचा होता. जुलै २०१९ मध्ये ४९९ डॉलर किमतीला आलेले आरटीएक्स २०७० सुपर त्या वेळी योग्य निवड ठरले असते. ८ जीबी मेमरी, २१५ वॉट, आणि गेमने साथ द्यावी अशी कोणतीही अट नाही. मी हाच पर्याय सुचवला होता. त्यात खिशातली भर मोठी होती आणि दादाच्या कार्डावर न विकण्याची अट होती, त्यामुळे तो मागे पडला.

तिसरा पर्याय एकाच कार्डावर राहून सेटिंग बदलण्याचा होता. सावल्या आणि धुके एक पायरी खाली आणायचे, आणि मॉनिटर फ्रीसिंकचा, म्हणजे पडद्याचा वेग कार्डाच्या वेगाशी जुळवू शकणारा, असल्याने जानेवारी २०१९ च्या ड्रायव्हरपासून (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरपासून) एन्व्हिडियाच्या कार्डांवरही मिळू लागलेली जुळवाजुळव चालू करायची, म्हणजे फ्रेमा साठ-सत्तरच्या दरम्यान हलल्या तरी पडद्यावर चित्र फाटत नाही. हा पर्याय विनाखर्चाचा होता आणि अर्ध्या तासात तपासता आला असता. पण दोन कार्डे हाताशी असताना सेटिंग कमी करायला धाकटा तयार नव्हता, आणि तो तपासलाच गेला नाही.

निर्णय आणि जोडणी

डिसेंबरच्या सुटीत पहिला पर्याय पक्का झाला. थोरल्याचा पीसी मूळ धरून त्यात धाकट्याचे कार्ड, एसएसडी आणि रॅम हलवायची, आणि बी२५० चा पीसी तूर्त बाजूला ठेवायचा असे ठरले. वीज हिशेबात बसत होती. दोन कार्डांचे ३०० वॉट, प्रोसेसरचे ९१ वॉट आणि बाकीचे किरकोळ धरले तरी चांगल्या प्रतीच्या ६५० वॉटच्या एसएमपीएसला ते झेपणारे होते, आणि दोन्ही कार्डांना लागणारे आठ पिनांचे कनेक्टर त्याला होते.

ब्रिजपाशी, म्हणजे दोन कार्डे एकमेकांना जोडणाऱ्या पट्टीपाशी, थोडे अडले. मदरबोर्डाच्या खोक्यात मऊ पट्टीचा जुना ब्रिज होता. त्याचा वेग ४०० मेगाहर्ट्झ, तर दहाव्या मालिकेसाठी आलेल्या एचबी ब्रिजचा ६५०. १४४० पिक्सेल आणि ६० हर्ट्झपर्यंत जुना ब्रिज चालतो, त्यापुढे वेगवान ब्रिज वापरावा, अशी एन्व्हिडियाची शिफारस होती. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या दुकानांत तो कोणाकडेच नव्हता, म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवला. हा ब्रिज घेताना दोन स्लॉटमधले अंतर आधी मोजावे लागते, कारण तो कडक असतो आणि अंतर चुकले तर बसतच नाही.

धाकट्याने जोडणी स्वतः केली आणि दोन पंख्यांचे कार्ड वरच्या स्लॉटमध्ये लावले, कारण कॅबिनेटच्या काचेतून ते चांगले दिसत होते. मधे एका स्लॉटइतकी, म्हणजे साधारण दोन बोटांची फट राहिली. वरच्या कार्डाचे पंखे त्या फटीतूनच हवा ओढू लागले, आणि ती हवा खालच्या कार्डाच्या तापलेल्या पाठीवरून येत होती. थोड्याच वेळात वरचे कार्ड ८३ अंश सेल्सिअसला पोचे. जीटीएक्स १०७० ची नेहमीची मर्यादा तीच आहे, आणि तिथे पोचल्यावर कार्ड आपला वेग उतरवते. फ्रेमा आळीपाळीने काढायच्या असल्यामुळे एक कार्ड मंदावले की दुसऱ्यालाही त्याची वाट पाहावी लागते.

मी कार्डांची अदलाबदल सुचवली. ब्लोअरचे कार्ड वर घेतले. ते अरुंद जागेतूनही हवा ओढते आणि तापलेली हवा कॅबिनेटबाहेर टाकते. दोन पंख्यांचे कार्ड खाली गेले, जिथे त्याच्यापुढे मोकळी जागा होती. आवाज वाढला, पण दोन्ही कार्डांचा वेग टिकू लागला. जोडीतली कार्डे वेगवेगळ्या पद्धतीने थंड होणारी असतील, तर ब्लोअर वर ठेवणे हेच योग्य, असे माझे ठाम मत आहे.

मोजमाप

सुरुवातीचे आठवडे आनंदाचे होते आणि तो आनंद खोटा नव्हता. ग्रँड थेफ्ट ऑटो ५ आणि विचर ३ मधला फ्रेमांचा आकडा एका कार्डाच्या दीडपटीच्या वर गेला. शॅडो ऑफ द टूम रेडरमध्ये तर गेम बनवणाऱ्यांनीच डायरेक्टएक्स १२ (गेमने कार्डाकडून काम करून घेण्याची सॉफ्टवेअर व्यवस्था) मधून दोन कार्डांची सोय केलेली असल्याने जवळपास पूर्ण फायदा मिळाला. पबजीसुद्धा पूर्वीपेक्षा सुरळीत चालू लागला. भावाला पाठवलेल्या संदेशात धाकट्याने या सगळ्याचे श्रेय दुसऱ्या कार्डाला दिले.

विचर ३ मध्ये मात्र एक गोष्ट त्याला खटकू लागली. कोपऱ्यातला आकडा नव्वद दाखवत होता, तरी घोडा पळवताना चित्र नव्वदीचे वाटत नव्हते. याचे कारण आकड्याच्या मोजणीत आहे. सेकंदाला नव्वद फ्रेमा म्हणजे सरासरी ११ मिलिसेकंदाला एक फ्रेम. पण एक फ्रेम ५ मिलिसेकंदांनी आणि पुढची १७ मिलिसेकंदांनी आली, तरी सरासरी ११ च येते. डोळा सरासरी पाहत नाही. त्याला १७ मिलिसेकंदांची लांब उडी जाणवते, आणि ती साठ फ्रेमांच्या चालीसारखी असते. दोन कार्डांच्या जोडीतला हा दोष जुना आणि परिचित आहे. २०१३ मध्ये एन्व्हिडियाने एफकॅट नावाची मोजणीची रीत पुढे आणली, तिच्यात प्रत्येक फ्रेमच्या कडेला रंगीत पट्टी टाकून पडद्यापर्यंत खरोखर काय पोचते ते तपासले जाते. त्यानंतर ड्रायव्हरमध्ये फ्रेमांचे अंतर सारखे राखण्याचे प्रयत्न झाले, पण दोष पूर्ण गेला नाही. आम्ही एफकॅट वापरले नाही. फ्रेम-वेळेचा आलेख पडद्यावर घेतला आणि त्या आलेखात करवतीसारखे दाते स्पष्ट दिसले.

काही नव्या गेममध्ये दुसरे कार्ड जवळपास रिकामे बसून राही. त्याचे कारण गेम चित्र कसे काढतो यात आहे. त्या काळातले बहुतेक गेम कडा गुळगुळीत करण्यासाठी आधीच्या फ्रेमची माहिती नव्या फ्रेममध्ये मिसळू लागले होते. एका कार्डाला त्यात काहीच अडचण नाही. आळीपाळीच्या पद्धतीत मात्र आधीची फ्रेम दुसऱ्या कार्डाच्या मेमरीत असते. २५६० बाय १४४० ची एक रंगीत प्रत, प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट धरले तर, सुमारे १४.७ मेगाबाइटची होते. आठ लेनच्या पीसीआय एक्सप्रेस ३.० वरून ती न्यायला जवळपास २ मिलिसेकंद लागतात. गेमला अशा तीन-चार प्रती लागल्या की ११ मिलिसेकंदांच्या सवडीतला मोठा हिस्सा नुसत्या वाहतुकीत जातो. मग गेम बनवणारे दोन कार्डांचा विचारच सोडून देतात. डायरेक्टएक्स १२ आणि तशीच व्हल्कन ही व्यवस्था आल्यावर ही जबाबदारी ड्रायव्हरकडून गेम बनवणाऱ्यांकडे गेली, आणि जोडी वापरणारे गिऱ्हाईक इतके थोडे होते की फार थोड्यांनी ती उचलली.

धाकट्याने इतर गेमची एसएलआय सेटिंग उचलून नव्या गेमला लावून पाहिली. एन्व्हिडिया प्रोफाइल इन्स्पेक्टर नावाच्या साधनाने तसे करता येते. कधी आकडा वाढे, पण सावल्या लुकलुकू लागत आणि पाण्यावरचे प्रतिबिंब एक फ्रेम सोडून दिसे. हा उद्योग जिज्ञासेपोटी करायला चांगला आहे, पण रोज रात्री खेळण्याच्या कामाचा नाही.

फेब्रुवारीत या प्रकरणातला सर्वांत उपयोगी शोध लागला. एका संध्याकाळी पबजीत काही बिघाड वाटल्याने त्याने कंट्रोल पॅनेलमधून एसएलआय बंद केले. हे करताना ड्रायव्हर इतर काही प्रोग्राम बंद करायला लावतो आणि पडदा क्षणभर काळा होतो, म्हणून तोवर त्याने ते टाळले होते. एका कार्डावर पबजी पूर्वीइतकाच सुरळीत चालला, किंबहुना किंचित अधिक एकसारखा. म्हणजे डिसेंबरपासूनची सुधारणा दुसऱ्या कार्डाची नव्हती. ती आय५-७५०० च्या चार थ्रेडऐवजी (एका वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्यांऐवजी) मिळालेल्या आय७-७७००के च्या आठ थ्रेडची होती. पबजी अडखळत होता तो प्रोसेसरपाशी, आणि बोर्ड बदलावा लागला म्हणून प्रोसेसरही बदलला गेला. मदरबोर्ड, प्रोसेसर आणि कार्ड एकदम बदलल्यामुळे श्रेय कोणाचे हे कोणी तपासले नव्हते.

उन्हाळा आणि टाळेबंदी

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. महाविद्यालय बंद झाले, पीसी दिवसभर चालू राहू लागला आणि पुण्याचा उन्हाळाही सुरू झाला. खोलीतली हवाच तापलेली असताना कॅबिनेटमधल्या दोन कार्डांची ३०० वॉटपर्यंतची उष्णता त्याच खोलीत येत होती. ब्लोअरचा आवाज शेजारच्या खोलीत आईच्या फोनवरच्या बोलण्यात व्यत्यय आणू लागला.

खरी पंचाईत यूपीएसची झाली. घरात नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस होता. असे यूपीएस साधारण ३६० वॉटपर्यंतचा भार घेतात. एका कार्डावर खेळताना पीसी आणि मॉनिटर मिळून त्या मर्यादेत राहत होते. दोन कार्डांवर पूर्ण भार आला की ती ओलांडली जाई. वीज चालू असताना यूपीएस नुसता कुरकुरत असे, पण मे महिन्यात वळिवाच्या पावसाबरोबर वीज गेली की त्याच क्षणी सगळे बंद पडे. एकदा महाविद्यालयाच्या प्रकल्पाचे न साठवलेले काम त्यात गेले. दुकाने बंद असल्यामुळे मोठा यूपीएस लगेच मिळणेही शक्य नव्हते.

एसएमपीएसचा हिशेब आम्ही वॉटवॉटने केला होता, यूपीएसचा विषय मात्र त्या यादीत नव्हता. आपल्याकडे घरगुती पीसीचा भार वाढवताना यूपीएस हा हिशेबाचा पहिला आकडा असायला हवा, इतके हे महत्त्वाचे आहे. त्या महिन्यांत तोडगा म्हणून एसएलआय बंद ठेवायचे आणि फक्त रविवारी, हवामान निवळलेले असेल तेव्हा, चालू करायचे असे ठरले. दुसरे कार्ड आठवड्यातले सहा दिवस स्लॉटमध्ये नुसते बसून राहिले आणि वरच्या कार्डाची हवा अडवत राहिले.

जोडी फोडण्याचा निर्णय

सप्टेंबर २०२० मध्ये एन्व्हिडियाने आरटीएक्स ३० मालिका आणली. तिच्यातल्या गेमिंग कार्डांपैकी केवळ आरटीएक्स ३०९० ला जोडणीचा कनेक्टर होता. त्याच सुमारास कंपनीने जाहीर केले की आरटीएक्स २० आणि त्याआधीच्या मालिकांसाठी १ जानेवारी २०२१ पासून एसएलआयची नवी ड्रायव्हर प्रोफाइले (प्रत्येक गेमसाठीची जोडीची सेटिंग) निघणार नाहीत आणि यापुढे ज्या गेममध्ये बनवणाऱ्यांनीच सोय केली असेल तिथेच जोडी चालेल. जुन्या गेमची सोय तशीच राहणार होती, पण नव्या गेमचे दार बंद झाले.

याच काळात त्यांच्या मामेबहिणीचे अॅनिमेशनचे वर्ग ऑनलाइन सुरू झाले होते आणि लॅपटॉपवर तिचे ब्लेंडर या अॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमधले काम रेंगाळत होते. कार्डे वेगळी करण्याआधी आम्ही तिचे एक दृश्य या पीसीवर रेंडर करून, म्हणजे त्याचे अंतिम चित्र तयार करून, पाहिले. एसएलआय बंद केले आणि ब्लेंडरच्या सेटिंगमध्ये दोन्ही कार्डांपुढे खूण केली. चित्रावर एकाच वेळी दोन चौकोन भरू लागले, प्रत्येक कार्डाचा एक, आणि वेळ एका कार्डाच्या जवळपास निम्म्यावर आला. ब्रिज लागला नाही, आधीच्या फ्रेमची गरज नव्हती, कोणी कोणाची वाट पाहत नव्हते. ज्या कामाचे तुकडे एकमेकांवर अवलंबून नसतात तिथे तीच दोन कार्डे पूर्ण मोलाची ठरतात, हे त्या एका रेंडरमध्ये सगळ्यांनी पाहिले.

आता दोन वाटा होत्या. जोडी तशीच ठेवून मामेबहिणीने आपली दृश्ये इथे पाठवायची, किंवा कार्डे वेगळी करून तिला स्वतंत्र पीसी द्यायचा. रोजच्या कामात तिला दृश्य फिरवून, प्रकाश बदलून पाहावा लागणार होता, नुसते शेवटचे रेंडर पुरणारे नव्हते. म्हणून दुसरी वाट धरली. बाजूला ठेवलेला बी२५० चा पीसी पुन्हा उभा केला, त्यात थोरल्याचे ब्लोअर कार्ड लावले आणि तो तिच्याकडे गेला. थोरल्याचे परत येणे तोवर लांबणीवर पडले होते. त्याला फोन केल्यावर त्याने लगेच होकार दिला आणि न विकण्याची अटही आता उरली नसल्याचे सांगितले.

परिणाम

धाकट्याकडे आय७-७७००के, झेड२७० आणि एक जीटीएक्स १०७० राहिले. कार्डाला पुन्हा पूर्ण सोळा लेन मिळाल्या, कॅबिनेट थंड झाले आणि यूपीएस पुन्हा पुरू लागला. त्याने फ्रीसिंकची जुळवाजुळव चालू केली, सावल्या एक पायरी उतरवल्या, आणि पबजीबद्दलची त्याची तक्रार उरली नाही. म्हणजे डिसेंबर २०१९ मधला तिसरा पर्याय आणि त्याला प्रोसेसरच्या बदलाची जोड, एवढ्याने त्याची मूळ गरज भागली. सुटीतल्या मोठ्या गेममध्ये मात्र त्याला खरेच नुकसान झाले. शॅडो ऑफ द टूम रेडर पुन्हा साठीच्या घरात आला आणि ते त्याला बरेच दिवस सलत राहिले.

मामेबहिणीचे काम मार्गी लागले. २०२१ च्या सुरुवातीला ग्राफिक्स कार्डांचा जागतिक तुटवडा पडला, क्रिप्टो मायनिंगने त्यात भर घातली आणि जुन्या कार्डांच्या किमतीही चढल्या. त्या वेळी दोघांकडे एकेक चालते कार्ड होते, याचे मोल मोठे होते.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत पहिला बदल तपासणीच्या क्रमात हवा होता. डिसेंबरमध्ये दोन्ही पीसी चालू स्थितीत होते आणि दोन्हींत एकच कार्ड होते. नवा मॉनिटर थोरल्याच्या पीसीला लावून पबजीचा एक सामना खेळला असता, तर प्रोसेसरचा फरक एका संध्याकाळी कळला असता. गेम अडखळत असताना ग्राफिक्स कार्डाचा वापर शंभर टक्क्यांच्या जवळ आहे की नाही, एवढे पडद्यावर पाहिले तरी दिशा मिळते. कार्ड पूर्ण राबत नसेल तर दुसरे कार्ड आणून त्याचा उपयोग नाही.

दुसरे म्हणजे, दादाच्या अटीबद्दल तेव्हाच अधिक बोलायला हवे होते. "विकायचं नाही" याचा अर्थ त्याला तेच कार्ड परत हवे होते, की परत आल्यावर आपल्यासाठी चांगला पीसी असावा एवढेच? वर्षभरानंतरच्या बोलण्यावरून दुसरा अर्थ खरा होता असे दिसते. तसे असते तर २०१९ च्या शेवटी, जुन्या कार्डांना बरी किंमत असताना, दोन्ही विकून आरटीएक्स २०७० सुपर घेता आले असते आणि तुटवड्याचा काळही त्यावर निभावला असता. अर्थात मग मामेबहिणीसाठी कार्ड उरले नसते. हा हिशेब मला आजही एका बाजूला पूर्ण झुकलेला वाटत नाही.

जोडी करायचीच होती, तर ती मुदत घालून करायला हवी होती. तो कोणते गेम खेळतो त्याची यादी, त्यातल्या किती गेममध्ये जोडी चालते त्याची नोंद, आणि महिन्याभराने त्या यादीवरून ठेवायचे की काढायचे याचा निर्णय. यादी केली असती तर रोजचा गेम त्यात बसत नाही हे पहिल्याच ओळीत दिसले असते.

आज असाच प्रश्न घेऊन कोणी आले, तर उत्तराचा तपशील बदलतो. आरटीएक्स ४० मालिकेत ४०९० लासुद्धा जोडणीचा कनेक्टर नाही, त्यामुळे गेमच्या फ्रेमा वाटून घेण्याची जुनी पद्धत नव्या कार्डांसाठी संपली आहे. भाषेची मोठी प्रारूपे (एआय चॅटबॉटच्या मागे असतात तशी) घरच्या पीसीवर चालवणारे मात्र दोन कार्डे आवर्जून लावतात, कारण तिथे प्रारूपाचे थर दोन्ही कार्डांत विभागता येतात आणि मेमरीची खरोखर बेरीज होते. गेमपुरते पाहिले तर लॉसलेस स्केलिंगसारखे सॉफ्टवेअर वापरून एका कार्डाने गेम चालवायचा आणि दुसऱ्या, साध्या कार्डाने मधल्या फ्रेमा तयार करायच्या, ही नवी रीत काही जण वापरतात. यात कार्डे सारखी असण्याची गरज नाही आणि ब्रिजही लागत नाही. मॉनिटरची केबल मात्र मधल्या फ्रेमा तयार करणाऱ्या कार्डाला लावावी लागते, आणि दुसऱ्या स्लॉटला पुरेशा लेन आहेत का ते मदरबोर्डाच्या पुस्तिकेत आधी पाहावे लागते, कारण प्रत्येक खरी फ्रेम त्या वाटेने जाते. या मधल्या फ्रेमांनी हालचाल गुळगुळीत दिसते, पण माउस हलवल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा वेळ घटत नाही, उलट थोडा वाढतो. पबजीसारख्या गेमसाठी म्हणूनच मी ती सुचवत नाही. एकट्याने खेळायच्या, देखण्या आणि संथ गेमसाठी, जुने कार्ड घरात असेल आणि यूपीएसची मर्यादा सांभाळली जात असेल, तर करून पाहायला हरकत नाही.